दिवाळीचा तीन दिवसांचा स्टॉल: फ्लेक्स की मांजरपाट आणि शिक्का?

दिवाळीच्या तोंडावर कॉलेजच्या आवारात तीन दिवसांचा स्टॉल लावायचा, पणत्या, कंदील, उटणं विकायचं, आणि आठवडा उरला की गटात वाद सुरू: फ्लेक्स छापायचा की आपणच काही करायचं? आम्ही दोन वर्षांत दोन्ही करून पाहिलं. हातात चार दिवस असतील तर मांजरपाटाचा फलक आणि रबरी शिक्का करा. एकच संध्याकाळ उरली असेल तर फ्लेक्स.

फ्लेक्स झटपट होतो आणि परतीच्या पावसात भिजला तरी टिकतो. पण मराठी अक्षरांशी त्याचं जमत नाही. बऱ्याच दुकानांत अजून युनिकोड नसलेले जुने फॉन्ट वापरतात. आपण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मजकूर तिथे चिकटवला की अक्षरांचा पार चिवडा होतो आणि सगळं घाईत पुन्हा टाइप होतं. आमच्या ‘उटणे’चं ‘उटने’ झालं. तीन दिवस ती चूक आमच्या डोक्यावर टांगलेली होती, फार वाईट वाटलं. त्यामुळे अक्षरं कर्व्ह करूनच, म्हणजे त्यांचे फॉन्टवर न अवलंबणारे आकार करूनच, पीडीएफ न्या. स्क्रीनवरचा झगझगीत केशरी रंग छापल्यावर मळकट होतो, म्हणून आधी छोटा नमुना बघा.

मांजरपाटाला दोन संध्याकाळी लागतात. दोरा ताणून खडूने शिरोरेषा मारायची, मग खाली अक्षरं काढायची आणि फॅब्रिक रंगाने भरायची. नाटकांची शीर्षकं रेखाटणारे अक्षरकार कमल शेडगे नाटकाच्या नावातच नाटकाचा स्वभाव उतरवायचे. तेवढा हात आपल्याकडे नसला तरी ‘बालू’ किंवा ‘मुक्ता’ फॉन्ट मोठा छापून गिरवता येतो. दोन्ही मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या गटाचे आहेत आणि मुक्त परवान्याचे, त्यामुळे विक्रीच्या कामाला वापरायला हरकत नाही. बालू गुबगुबीत, दिवाळीला शोभणारा. मुक्ता साधा, किमतीच्या चिठ्ठ्यांसाठी उत्तम. फलकावर तारीख घालू नका, म्हणजे पुढच्या वर्षीच्या मुलांना तोच उपयोगी पडेल. आमचा फ्लेक्स तारखेमुळेच बाद झाला. आणि फलक टेबलापुढे नको, डोक्याच्या वर बांधा. गर्दी झाली की टेबलापुढचं काहीच दिसत नाही.

शिक्क्याचं महत्त्व मला सगळ्यात जास्त वाटतं, कारण तो पिशवीबरोबर गिऱ्हाइकाच्या घरी जातो. म्हणून नाव ठरवतानाच शिक्का डोळ्यांपुढे ठेवा. तीन-चार सेंटिमीटरच्या शिक्क्यावर ‘उजेड’ स्वच्छ उठतो. ‘श्रीसमृद्धी’च्या जोडाक्षरांत मात्र शाई भरते आणि काळा डाग उरतो, ध, भ यांच्या गाठीही बुजतात. खाकी कागदावर शाई पटकन सुकते. प्लास्टिकवर ती बोटाला लागते, तिथे शिक्का मारलेली कागदी चिठ्ठी चिकटवा.

रंग एकच घ्या, फलकाला आणि शिक्क्याला तोच. आम्ही गडद जांभळा घेतला होता. आकाशकंदिलांच्या पिवळ्या-केशरी गर्दीत तो लांबून ओळखू यायचा.

कुठलाही पर्याय घ्या, यूपीआयचा कोड विसरू नका. स्कॅन केल्यावर खातेदार मुलीचं नाव दिसायचं आणि काकू थबकायच्या, ‘अगं, हे तुमचंच ना?’ दुसऱ्या दिवशी आम्ही कोडखाली स्टॉलचं आणि तिचं, दोन्ही नावं लिहिली, वर तोच जांभळा शिक्का मारला. मग कुणी विचारलं नाही.