प्रमाणपत्र खरं, घोडा खोटा

चीनच्या तांग काळातला (इ.स. 618–907) म्हणून विकल्या जाणाऱ्या, तिरंगी झिलईच्या भाजलेल्या मातीच्या घोड्यासोबत हल्ली थर्मोल्युमिनेसन्स चाचणीचा अहवाल मिळतो. घेणारा प्रयोगशाळेत खातरजमा करतो, अहवाल अस्सल निघतो, पैसे दिले जातात. पुढे कधीतरी सीटी स्कॅन होतो आणि दिसतं की पोटाखालचा नि पायाजवळचा तुकडा तेवढा जुना, बाकी घोडा नवा.

प्रयोगशाळेनं फसवलेलं नसतं. माती भाजली की तिच्या कणांत साठलेली ऊर्जा निघून जाते आणि नैसर्गिक किरणोत्सर्गामुळे हळूहळू पुन्हा साठते. जिथं ड्रिल लागलं तिथली माती शेवटची कधी तापली, एवढंच चाचणी सांगते. नमुना म्हणजे चिमूटभर भुकटी, तीही झिलई नसलेल्या, सहसा नजरेआडच्या जागेतून. त्या जागा नकलाकाराला पाठ असतात. थडग्यांतली फुटकी खापरं तो नेमकी तिथंच बसवतो. काहीजण नव्या मातीवर कृत्रिम किरणोत्सर्गाचा मारा करून वयही वाढवतात. म्हणून ड्रिलच्या जागा विकणाऱ्यानं नव्हे, घेणाऱ्यानं ठरवाव्यात: पाय, मान, धड वेगवेगळे. अहवालात त्या जागांचे फोटो नसतील तर तो कागद कुठल्याही घोड्याचा असू शकतो.

डोळ्यांनीही बरंच कळतं. या वस्तू दोनदा भाजत: आधी नुसती पांढरट माती, मग शिशाची झिलई देऊन कमी आचेवर. तांब्यानं हिरवा, लोखंडानं मधाळ पिवळा-तपकिरी, कोबाल्टनं निळा. शिशाची झिलई पातळ होऊन ओघळते, रंग एकमेकांत शिरतात. ब्रशनं आखल्यासारखी कड दिसली तर थांबा. माणसांच्या मूर्तींचे चेहरे बहुधा बिनझिलईचे ठेवून भाजल्यावर रंगवत, त्यामुळे चकचकीत चेहऱ्याची दासी संशयास्पद. भिंगातून झिलईच्या बारीक तडा पाहा. खरी झिलई ठिकठिकाणी, असमान झिजते. आम्लानं मारलेली सगळीकडे सारखीच मंद होते. चिकटवलेली माती ओल्या कापसानं विरघळत नाही, ॲसिटोननं सुटते. रंगवलेल्या भागावर मात्र हा प्रयोग करू नका, खरा रंगही निघून येईल.

तांगच्याही आधीच्या हान काळाच्या हिरव्या बरण्यांवर अनेकदा रुपेरी थर असतो. ओल्या जमिनीत शिशाची झिलई झिजून तो पापुद्र्यांनी तयार होतो. काही बरण्या उलट्या ठेवून भाजत, म्हणून झिलईचे थेंब तोंडाच्या काठाशी गोठलेले दिसतात. हे थेंब द्यायला नकलाकार कधीकधी विसरतो.

विक्रेत्याच्या गोष्टीही तपासा. विहीर, धान्याचं कोठार, डुकरांचा गोठा यांच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती म्हणजे ‘मिंगची’ (mingqi), मेलेल्याच्या सोबतीला पुरायच्या वस्तू. ‘राजवाड्यात वापरलेला घोडा’ ही थाप आहे. तिरंगी घोडे थडग्यासाठीच घडत. चीनमधल्या लोयांग शहराजवळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेल्वेमार्ग टाकताना थडगी उघडली, हे खरं आहे. म्हणूनच ‘तेव्हापासून आमच्या घरात’ ही कथा इतकी सोयीची. जुने फोटो, जुनी पावती मागा. आजही त्याच भागात नकला उघडपणे, नक्कल म्हणूनच विकल्या जातात. लबाडी पुढच्या हातांत होते.

आणि बिल वाचा. त्यावर ‘तांग शैली’ असं छापलं असेल, तर कायद्यानं विक्रेत्यानं तुम्हाला काहीही खोटं विकलेलं नाही, असाच युक्तिवाद होणार. ‘तांग काळ’ हे शब्द, वस्तूची मापं, फोटो आणि चाचणीत नापास झाल्यास पैसे परत करण्याची मुदत, हे सगळं त्याच कागदावर सहीनिशी हवं.