लास्कर मागवला, लास्करच आला

१ जूनला मासेमारीची बंदी लागली की हर्णैचा आमचा बर्फ कारखाना गप्प होतो. एरवी कॉम्प्रेसरच्या घरघरीत शेजारचा काय बोलतोय ते कळत नाही, आणि जून-जुलैत पत्र्यावरचा पाऊस सोडला तर चिटपाखरू नाही. होड्या आंजर्ल्याच्या खाडीत, लाद्यांना गिऱ्हाईक नाही, माझ्या हिशेबाच्या वहीत नुसती वीजबिलं. हे ६१ दिवस ऑफिसच्या टेबलावर बुद्धिबळाचा पट मांडलेला असतो. यंदा म्हटलं, नुसतं खेळत बसायचं नाही, जरा शिकायचं. मुलगी सहावीत गेलीय, तिलाही नाद लागलाय. म्हणून मे महिन्यात एका ऑनलाइन दुकानात ‘लास्कर’ शोधलं आणि तीन पुस्तकं मागवली. घरपोच साडेबाराशे रुपये.

लास्करच का, तर इमॅन्युएल लास्कर १८९४ साली स्टाइनिट्झला हरवून जगज्जेता झाला तो १९२१ साली हवानात कॅपाब्लांकाने हरवेपर्यंत. सत्तावीस वर्षं ती गादी सलग एकाकडे. पुन्हा कोणाला जमलेलं नाही. शिवाय गडी गणितातला डॉक्टर. अशा माणसाने लिहिलंय म्हणजे आपल्यासारख्या हिशेबनीसाला पटेल असं काहीतरी असणार, असा माझा अंदाज.

दुकानाच्या पानावर वरती जगज्जेत्याचा फोटो, झुपकेदार मिशा वगैरे, आणि खाली त्याच्या नावावर अख्खी रांग. बुद्धिबळाची चार-पाच, जपानी ‘गो’ खेळाचं एक, पत्त्यांवरचं एक, आणि चक्क जर्मन कवितांचं एक. मी कौतुकाने मुलीला दाखवलं, बघ, माणूस किती अंगांनी हुशार असावा. ती म्हणाली, “बाबा, हा कविता पण करायचा?” तेव्हाच शंका यायला हवी होती.

पार्सल दापोलीपर्यंत चार दिवसांत आलं आणि दापोलीहून हर्णैला यायला आणखी पाच. पिशवीचा एक कोपरा भिजलेला. आत तीन लास्कर: ‘कॉमन सेन्स इन चेस’, ‘लास्कर्स मॅन्युअल ऑफ चेस’ आणि ‘चेस स्ट्रॅटेजी’. तिसऱ्याचं मुखपृष्ठ नीट वाचलं तर लेखक एडवर्ड लास्कर. इमॅन्युएल नव्हे.

दुकानाला कळवलं. उत्तर आलं, “सर, तुम्ही लास्कर ऑर्डर केलं होतं, लास्करच पाठवलं आहे.” आता यावर काय बोलणार? तुमच्या पानावर फोटो इमॅन्युएलचा आहे म्हटलं, तर म्हणाले परत पाठवा. परत पाठवायला गेलो, तर आमच्या पिनकोडवर परतीची सोय नाही. विषय संपला. दुकानाला माझ्याकडून पाचात दोन तारे, तेही पुस्तकं खरी आणि छपाई स्वच्छ होती म्हणून. भिजलेला कोपरा मी देवघरातल्या समईजवळ ठेवून वाळवला.

मग चिडून त्या रांगेचाच छडा लावला. गोंधळ सगळा आद्याक्षराचा. इंग्रजीत इमॅन्युएल, एडवर्ड आणि एल्स, तिघांचंही पहिलं अक्षर एकच, पुढे लास्कर. कविता एल्स लास्कर-श्यूलर या कवयित्रीच्या. ती इमॅन्युएलची भावजय, म्हणजे त्याचा मोठा भाऊ बर्थोल्ड याची बायको. पुढे दोघांचं फाटलं, पण नाव राहिलं. हा बर्थोल्ड पेशाने डॉक्टर आणि पटावरही पक्का, धाकट्याला बर्लिनमध्ये बुद्धिबळ त्यानेच शिकवलं. ‘गो’चं पुस्तक एडवर्डचं. पत्त्यांचं पुस्तक मात्र मी उगाच चुकीचं ठरवून मोकळा झालो होतो, ते खरोखर जगज्जेत्याचंच निघालं. पत्त्यांतही त्याला गती होती. तेव्हा त्या पानावरच्या चुकांत एक बरोबर होतं, हे दुकानाच्या बाजूने नोंदवतो.

आता हा एडवर्ड कोण? जन्म १८८५, इमॅन्युएलपेक्षा सतरा वर्षांनी धाकटा, शिक्षणाने इंजिनिअर, पुढे अमेरिकेत गेला. बाळंतिणीचं दूध काढायचं यंत्र त्याने तयार केलं, हे वाचून आमच्या मिसेसनी पहिल्यांदा या पुस्तकांत रस घेतला. जगज्जेता कधीच झाला नाही. पण १९१२ साली लंडनमध्ये थॉमसविरुद्ध त्याने जो डाव खेळला तो मोबाइलवर लावून पाहा. अकराव्या चालीला वजीर देऊन टाकतो. काळ्या राजाला शहामागून शह देत, किल्लेकोट केलेल्या घरातून बाहेर ओढत, पटाच्या या टोकापासून त्या टोकाला, पांढऱ्याच्या पहिल्या ओळीपर्यंत फरफटत नेतो आणि तिथे स्वतःचा राजा एक घर बाजूला सरकवून मात करतो. आबा, म्हणजे आमच्याकडे रोज खेळायला येणारे तांडेल (होडीचे प्रमुख), हा डाव पाहून म्हणाले, “ह्यानं घोळ मासा गळाला लावून पाण्यातनं किनाऱ्यापर्यंत दमवत आणलान रे.” मी तो डाव त्या दिवशी सहा वेळा लावला.

आणि हे दोघे समोरासमोरही आले. १९२४, न्यूयॉर्क. ती स्पर्धा इमॅन्युएलने पंचावन्नाव्या वर्षी, कॅपाब्लांका आणि अलेखाइनला मागे टाकून जिंकली. एडवर्ड शेवटून दुसरा. पण लास्कर विरुद्ध लास्कर या एका डावात एडवर्डकडे हत्ती आणि प्यादं, इमॅन्युएलकडे नुसता घोडा. बघणारे इमॅन्युएलला हरलेला समजून बसले असतील. त्याने त्या एका घोड्यावर डाव धरून ठेवला. १०३ चाली, बरोबरी. आमच्या दुकानदाराला हा डाव नोंदवायला सांगितला असता तर त्याने बहुतेक ‘लास्कर जिंकला’ असंच लिहिलं असतं.

पुस्तकांकडे येतो. ‘कॉमन सेन्स’ जेमतेम दीडशे पानांचं, १८९५ साली लंडनमध्ये दिलेल्या बारा व्याख्यानांचं. पहिल्याच व्याख्यानात नियम सांगून टाकलेत: सुरुवातीला राजा-वजिरासमोरची प्यादी सोडून इतर प्यादी हलवू नका, एकच मोहरा दोनदा हलवू नका, उंटांच्या आधी घोडे काढा. मी हे मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा आबा खवळले. आबा आजोबांकडून देशी पद्धतीचं बुद्धिबळ शिकलेले. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जायचं आणि शह बसायच्या आधी राजाला एकदा घोड्याची उडी मिळायची. आताच्या नियमांनी खेळायला लागूनही त्यांचा हात सवयीने कडेच्या प्याद्यांकडे जातो. “मग कडंची प्यादी काय पटावर शोभेला ठेवलीत?” म्हणाले. मी म्हटलं, आबा, आठ दिवस याच्या म्हणण्यासारखं खेळून बघू. तिसऱ्या दिवसापासून मुलगी त्यांना हरवायला लागली. आबांनी पुस्तकाला दोष दिला नाही. पाऊस फार पडतो म्हणाले.

हे पुस्तक घ्याच. पातळ आहे, पाल्हाळ नाही.

‘मॅन्युअल’ची गोष्ट वेगळी. हे १९२५ साली जर्मनमध्ये आलं आणि दोन वर्षांनी इंग्रजीत. जाडजूड, सहा भागांत. त्यातला एक भाग चक्क बुद्धिबळातल्या सौंदर्यावर. मधेच गाडी तत्त्वज्ञानावर जाते, झुंज म्हणजे काय, न्याय म्हणजे काय. पावसात दुपारी जेवून वाचायला घेतलं तर तिसऱ्या पानावर डोळा लागतो, अनुभव आहे. पण शेवटी बुद्धिबळाच्या शिक्षणावर जे लिहिलंय ते मी तीनदा वाचलं. म्हणतो, दोनशे तास द्या. नियमांना ५, साध्या शेवटांना ५, सुरुवातींना १०, संयोजनांना, म्हणजे मोहरा देऊन बाजी मारायच्या युक्त्यांना, २०, स्थिती ओळखून खेळण्याला ४०, आणि प्रत्यक्ष खेळून ते तपासण्याला १२०. मी बेरीज करून पाहिली, सवयच ती. बरोबर २००. अंगची देणगी नसलेला माणूसही एवढ्यात चांगल्या खेळाडूंच्या पंगतीला बसेल, असं त्याचं म्हणणं. आता दोनशे भागिले एकसष्ट म्हणजे रोजचे सव्वातीन तास. या जगज्जेत्याने हर्णैची बंदी पाहिली होती की काय!

त्याच भागात तो म्हणतो, माझ्या सत्तावन्न वर्षांतली निदान तीस मी शिकलेलं विसरण्यात घालवली. हे वाक्य मुलीला सांगायची चूक केली. गणिताच्या चाचणीनंतर ते मला ऐकावं लागलं.

आता चुकून आलेलं पुस्तक. एडवर्डचं ‘चेस स्ट्रॅटेजी’ मूळ जर्मन, इंग्रजीत १९१५ साली आलं. आठवडाभर मी ते रागाने उघडलंच नाही. मुलीने उघडलं. त्यात काही आकृत्यांत मोहरेच नाहीत, नुसती प्यादी उभी आहेत. हा सांगाडा, मोहरे याच्या भोवती फिरणार, तेव्हा आधी सांगाडा ओळखा, असं तो समजावतो. इंजिनिअरची रीत. आबांनी ती आकृती पाहिली आणि लगेच म्हणाले, “ही होडी, फळ्या लावायच्या आधीची.” खाडीवर सुतार नवी होडी बांधताना आधी सांगाडाच उभा करतात ना, तशी. इमॅन्युएल मोठा माणूस आहे आणि तो मोठ्या माणसासारखाच बोलतो, तुम्हाला कळलं तर कळलं. एडवर्ड शेजारी बसून समजावतो. नवशिक्याच्या हातात पहिलं पुस्तक द्यायचं तर मी आता जगज्जेत्याचं देणार नाही, दुसऱ्याचं देईन. आणि हेच पुस्तक प्रोजेक्ट गुटेनबर्ग या जुन्या पुस्तकांच्या संकेतस्थळावर फुकट आहे, हे मला पैसे भरल्यावर कळलं.

तिन्हींत एक मोठी कटकट: चाली जुन्या पद्धतीने छापल्यात. आता आपण घराला ‘ई४’ म्हणतो, तेच घर यात पांढऱ्यासाठी ‘राजा चार’ आणि काळ्यासाठी ‘राजा पाच’, कारण प्रत्येकाने आपल्या बाजूने मोजायचं. एका घराला दोन नावं. पहिले पंधरा दिवस आम्ही मोहरे भलतीकडेच ठेवत होतो. आबांना त्याचं काही वाटलं नाही. आत जाताना खडकाचं नाव वेगळं आणि परत येताना वेगळं, हे त्यांना जन्माचं ठाऊक. मला मात्र त्रास झाला. इमॅन्युएलच्या दोन्ही पुस्तकांच्या नव्या पद्धतीतल्या आवृत्त्या निघाल्या आहेत. मागवताना तेवढं पाहून घ्या, आणि लेखकाचं पूर्ण नावही. फोटो बघू नका.

दोनशे तासांचा हिशेब मी कारखान्याच्या वहीतच, मागच्या पानावर ठेवला. तारीख, तास, कशात गेले. ३१ जुलैला बेरीज मारली तर १३८. त्यात नुसतं खेळण्याचेच जास्त आणि शेवटांचे दोन, कारण शेवटापर्यंत डाव पोचायच्या आत आबा पट उधळतात. १ ऑगस्टला पहाटे चारला कॉम्प्रेसर सुरू झाला, पहिल्या लाद्या निघाल्या. ६२ तास बाकी, पुढच्या पानावर ओढलेत.