फायबर प्रोब लावलेला एफटीआयआर : वाळूजमधल्या क्यूसी लॅबचा अनुभव

मागच्या पावसाळ्याआधी आमच्या वाळूज एमआयडीसीतल्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) लॅबने एफटीआयआरला, म्हणजे इन्फ्रारेड प्रकाश कुठे शोषला जातो त्यावरून पदार्थ ओळखणाऱ्या यंत्राला, फायबरचा प्रोब (प्रकाश वाहणाऱ्या तंतूला लावलेली सळई) जोडून घेतला. तेव्हापासून तो रोज वापरात आहे.

रिअॅक्टर धुतल्यावर कुठे पांढुरका डाग राहतो, कधी पावडरीत कण सापडतो, आणि प्रॉडक्शनवाले दारात उभे, "सर, बॅच अडकलीय, काय आहे ते सांगा." एवढ्याशा कणाची केबीआर पेलेट (पोटॅशियम ब्रोमाइडच्या पावडरीत नमुना दाबून केलेली चकती) कुठून करणार? आता प्रोबचं हिऱ्याचं टोक त्यावर दाबायचं, बस. इन्फ्रारेड प्रकाश टोकाबाहेर जेमतेम एक-दोन मायक्रॉन डोकावतो, पण ओळख पटायला तेवढा थर पुरतो. आलेखावर १२०० आणि ११५० ला (हे आकडे वेव्हनंबरचे, प्रति सेंटिमीटर) दोन दणदणीत पीक आले की टेफ्लॉन, सरळ गॅस्केट उघडायला सांगायचं. १२६० ला टोकदार पीक आणि १००० ते ११०० मध्ये रुंद पट्टा आला तर सिलिकॉनची नळी. लायब्ररी (माहीत असलेल्या पदार्थांच्या आलेखांचा संग्रह) उघडावीही लागत नाही.

काळ्या कणांनी मात्र जीव खाल्ला. कार्बन भरलेलं रबर हिऱ्यावर धरलं की बेसलाइन (आलेखाची तळरेघ) तिरपी होते. नायट्राइल रबराचं २२४० जवळचं पीक तर नेमकं हिऱ्याच्या स्वतःच्या शोषणाच्या पट्ट्यात येतं. अशा नमुन्याला जर्मेनियमचा क्रिस्टल लागतो, आणि तो या प्रोबला बसत नाही.

विकणारा "अतिसूक्ष्म प्रमाणही ओळखतो" म्हणतो, तेव्हा नीट विचारा. सुटा, शुद्ध कण बारीक असला तरी टोकाला नीट टेकला की बहुतेक वेळा ओळखता येतो. पण पावडरीत मिसळलेली टक्काभर भेसळ यात दिसेल या भरवशावर राहू नका, तिथे एचपीएलसीच (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र).

टेलिफोनवाल्या काचेच्या फायबरमधून दोन-अडीच मायक्रॉनपुढच्या तरंगलांबीचा प्रकाश फारसा जात नाही, म्हणून इथे सिल्व्हर क्लोराइड-ब्रोमाइडचा फायबर असतो. तो जरा वाकला तरी बेसलाइन हलते. आम्ही वेल्डरकडून स्टँड करून घेतला, आता बॅकग्राउंड (नमुन्याशिवायची नोंद) आणि नमुना दोन्ही एकाच अवस्थेत घेतो. पावसाळ्यात १४०० ते १८०० मध्ये पाण्याच्या वाफेच्या रेघांचं जंगल माजतं, तेव्हा यंत्रातून कोरड्या हवेचा झोत (पर्ज) चालू ठेवल्याशिवाय इलाज नाही. डिटेक्टर थंड ठेवायला लिक्विड नायट्रोजन लागतो, आणि सणाच्या सुट्ट्यांत तो मिळवताना नाकी नऊ येतात.

एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) फायबर धरलेला नाही, हे आम्हाला कागद वाचल्यावर कळलं. तुम्ही ऑर्डर देण्याआधी ते लेखी घ्या, आणि डेमोला आपल्याच प्लँटमधला काळा कण घेऊन बसा.