पोकर बघून शिकायचं, तर नेमकं काय बघायचं?

चवथीच्या सुट्टीत पत्ते कुटत मोठी झालेली गोव्यातली बरीच मुलं आता तीनपत्ती सोडून टेक्सास होल्डमकडे वळली आहेत. पोकरच्या या प्रकारात प्रत्येकाला दोन पानं मिळतात आणि टेबलावरची पाच पानं सगळ्यांची असतात. नियम तासाभरात कळतात. त्यानंतर खेळ अडतो, आणि व्यावसायिकांना बघून शिकावं असं ठरतं. बघायला तीन-चार गोष्टी आहेत, आणि त्यांतून मिळणारं शिक्षण अगदी वेगवेगळं आहे.

पैशांचं आधी सांगतो. फेब्रुवारी 2020 पासून गोव्यातल्या स्थानिकांना कॅसिनोत जुगार खेळायला बंदी आहे, आणि 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळही बंद केले. म्हणून हे सगळं घरी बिनपैशांच्या चिप्स मांडून खेळणाऱ्यासाठी लिहितो आहे. खेळ म्हणून पोकर तसाही पुरेसा खोल आहे.

बहुतेक जण निवडक डावांच्या छोट्या व्हिडिओंपासून सुरुवात करतात. 2003 च्या ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ या स्पर्धेतला ख्रिस मनीमेकर आणि सॅमी फार्हा यांचा डाव तुम्हीही पाहिला असेल. मनीमेकरकडे इस्पिकचा राजा आणि बदामाची सत्ती, फार्हाकडे इस्पिकची राणी आणि बदामाची नव्वी. टेबलावर नव्वी, दुर्री, छक्की, अठ्ठी, तिर्री. त्यांत इस्पिकची तीन पानं. मनीमेकरचा फ्लश (एकाच चिन्हाची पाच पानं) हुकला, सिक्वेन्स (ओळीतली पाच पानं) हुकला, तरी शेवटच्या पानावर त्याने सगळ्या चिप्स पुढे सारल्या आणि नव्वीची जोडी असलेल्या फार्हाने पानं टाकली. बघणारा यातून धाडस शिकतो. खरं शिकण्यासारखं वेगळंच आहे: टेबलावर फ्लश आणि सिक्वेन्स दोन्ही शक्य दिसत होते, म्हणून ती बोली खरी वाटली. पण दोघांची पानं आपल्याला आधीच दिसत असल्यामुळे फार्हाची अडचण आपल्याला जाणवतच नाही. शिवाय निवडक डावांत ब्लफ आणि मोठे पॉट (डावात जमलेल्या चिप्स) तेवढे उरतात, कंटाळवाणा भाग कापला जातो. खेळाची गोडी लागायला हे व्हिडिओ चांगले. सुधारण्यासाठी मी ते सुचवणार नाही.

अख्ख्या फायनल टेबलचं, म्हणजे स्पर्धेत शेवटी उरलेल्या खेळाडूंच्या टेबलाचं, न कापलेलं प्रक्षेपण मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. पहिल्याच तासात कळतं की नऊ जणांच्या टेबलावर चांगला खेळाडू चारपैकी तीन वेळा, कधी त्याहून जास्त, फ्लॉपआधीच, म्हणजे टेबलावरची पहिली तीन पानं उघडण्याआधीच, पानं टाकतो. तीनपत्तीत ब्लाइंड, म्हणजे पानं न बघता, खेळायची सवय असलेल्याला हे एवढं कळलं तरी खूप आहे. मात्र नुसतं बघत बसू नका. स्क्रीनवर जिथे पानं दिसतात तिथे कागदाची पट्टी चिकटवा. प्रत्येक बोलीला व्हिडिओ थांबवा, समोरच्याकडे काय असेल ते वहीत लिहा, मग पट्टी काढा. हिशोबही तिथेच करा. समजा पॉटमध्ये 2,000 आहेत आणि समोरच्याने 1,000 लावले. तुम्ही 1,000 घालून एकूण 4,000 साठी खेळता, म्हणजे चारात एकदा तरी जिंकायला हवं. तुमच्याकडे फ्लशला एक पान कमी आहे आणि एकच पान उघडायचं बाकी आहे, तर न दिसलेल्या 46 पानांपैकी 9 तुमच्या कामाची. सुमारे 20 टक्के. पान लागल्यावर समोरच्याकडून आणखी चिप्स निघतील असं वाटत नसेल, तर डाव सोडायचा.

एक धोका इथेही आहे. फायनल टेबलवर एक जण बाद झाला की उरलेल्या सगळ्यांचं बक्षीस वाढतं, म्हणून तिथे व्यावसायिकही चांगली पानं सोडून देतात. चिप्स कमी उरलेला खेळाडू मधली बोली न लावता थेट ऑल-इन जातो, म्हणजे सगळ्या चिप्स लावतो. घरच्या डावात ही नक्कल केली तर खेळ बिघडतो.

मांडवीतल्या कॅसिनोच्या जहाजांवर प्रत्यक्ष बघण्याबद्दल कुतूहल असतं. बाहेरगावच्या, एकवीस पूर्ण झालेल्या पाहुण्याला तिथे जाता येतं. पण खेळाडूंची पानं झाकलेली, व्हिडिओसारखं थांबवता येत नाही, वर प्रवेशाचा खर्च. दिसतं ते वागणं: विचाराला किती वेळ घेतला, चिप्स कशा सरकवल्या, हरल्यावर चेहरा कसा ठेवला. नवशिक्या यालाच सगळं समजतो, आणि माझ्या मते तिथेच फसतो. बोलीचा आकार आणि बसण्याची जागा (बोली लावायची पाळी आधी की नंतर) चेहऱ्यापेक्षा कितीतरी जास्त सांगून जातात.

व्यावसायिक स्वतःचा डाव उलगडून बोलतात ते व्हिडिओ मात्र जरूर बघा. विचार कसा चालतो ते तिथे थेट ऐकायला मिळतं. हरलेले डावही दाखवणारा खेळाडू निवडा.

आठवड्याला दोनच तास मिळत असतील, तर दीड तास पट्टी लावून फायनल टेबल आणि अर्धा तास असा एखादा उलगडलेला डाव. आठजणांचा घरचा अड्डा असेल तर आणखी सोपं: प्रत्येकाने एकेक खेळाडू वाटून घ्या, फक्त त्याच्याच बोल्या लिहा, आणि शेवटी वह्या जुळवून बघा.