चाळीस डॉलरचा एंडोस्कोप, आठ महिने आणि १९६९ च्या कॅमॅरोचं इंजिन

ऑक्टोबरमध्ये घेतला, आता जून चालू आहे. वायफायवर मोबाइलला जोडायचा, ८ मिलिमीटर डोक्याचा, पाच मीटर वायरचा साधा एंडोस्कोप. लोक तो तुंबलेल्या पाइपात घालतात. मी घेतला तो १९६९ च्या शेव्हरोले कॅमॅरो झेड/२८ साठी. डेट्रॉईटजवळ, म्हणजे अमेरिकेच्या मोटारनगरीजवळ, इतकी वर्षं काढल्यावर हे खूळ लागतंच कधीतरी. विकणारा म्हणाला होता, गाडी ‘नंबर्स मॅचिंग’ आहे, म्हणजे कारखान्यातून निघताना जे इंजिन होतं तेच आत आहे. पैसेही त्याच हिशोबाने घेतले.

सांगलीला बाबांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, “अरे, आरसी बुकात बघ की. इंजिन नंबर असेलच.” इथल्या टायटलवर, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदावर, तो नसतो. गाडीचा जो नंबर असतो (पाटीवरचा नव्हे, कारखान्याने दिलेला चॅसिस नंबर), त्यावरून १९७२ च्या आधीच्या शेव्हरोलेचं इंजिन सहा सिलिंडरचं की व्ही-८ एवढंच कळतं. ते ३०२ की ३५० की ३९६ घन इंचांचं, ते नाही. शेव्हरोलेच्याच कंपनीच्या पॉन्टियाक गाड्यावाल्यांना जुनी बिलं काढून मिळतात, कॅनडात विकलेल्या गाड्यांचे कागदही मिळतात. आमच्यासारख्यांचं नशीब मूळ मालकाने वॉरंटीच्या पुस्तकातली धातूची पट्टी जपली असेल तर. आमच्याने जपली नव्हती. मग राहिलं इंजिनच, आणि त्याच्यावरचे आकडे.

पहिला आकडा समोर, उजव्या बाजूच्या सिलिंडर हेडच्या पुढे ब्लॉकवर (इंजिनचा मुख्य ओतीव सांगाडा) छोटीशी सपाट जागा असते, त्याला पॅड म्हणतात, तिथे ठोकलेला. १९६९ मध्ये अल्टरनेटर नेमका त्याच बाजूला आला, त्यामुळे वाकून, मान मोडूनही अर्धंच दिसतं. एंडोस्कोप इथे पहिल्यांदा कामी आला. व्ही ०३१५ डीझेड. व्ही म्हणजे फ्लिंटचा कारखाना, ०३१५ म्हणजे १५ मार्चला इंजिन जोडलं, आणि डीझेड म्हणजे झेड/२८ चं ३०२. शेजारी गाडीच्या नंबराचा शेवटचा भागही होता. फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिनमधली पत्र्याची भिंत) पट्टीवर गाडीची तारीख ०४बी, म्हणजे एप्रिलचा दुसरा आठवडा. सगळं कसं जुळून आलेलं. त्या रात्री पुरणपोळी करायचीच बाकी होती.

खरी गंमत ब्लॉकच्या मागे. क्लचच्या घराला जोडणाऱ्या कडेवर, ड्रायव्हरच्या बाजूला ओतकामाचा नंबर आणि पलीकडे ओतल्याची तारीख, दोन्ही उठावदार. पण इंजिन गाडीत असताना ती जागा फायरवॉलला चिकटलेली, हात जात नाही. कॅमेरा जातो. नंबर ३९७०००१०. हा ब्लॉक ३०२ लाही वापरला आणि ३५० लाही, सत्तरच्या दशकात अगदी ढिगाने. तारीख दिसली सी ८ ९. सी म्हणजे मार्च, म्हणजे ८ मार्च १९६९. आठवड्याभराने इंजिन जुळलं, महिन्याने गाडी. मी दोन-चार मित्रांना स्क्रीनशॉटही पाठवले.

इथे या कॅमेऱ्याचा मोठा दोष सांगतो. त्याचे दिवे भिंगाभोवती गोल बसवलेले आहेत, उजेड सरळ समोर पडतो, सावली म्हणून पडत नाही. उठावदार आकडा सावलीशिवाय वाचता येत नाही. त्यात पन्नास वर्षांचं तेल आणि माती. फेब्रुवारीत गॅरेज उणे दहावर असताना (वायर इतकी ताठ होते की काठीच हातात धरल्यासारखं वाटतं) मी हँगरच्या तारेला जुना टूथब्रश बांधला, डीग्रीझरने तिथे घासलं, कॅमेऱ्याचे दिवे पार मंद केले आणि बाजूने वेगळी टॉर्च धरली. सी आणि ८ च्या मध्ये चिखलाची एक गाठ होती. ती निघाली.

सी २८ ९.

ब्लॉक ओतला २८ मार्चला आणि त्याचं इंजिन जोडलं १५ मार्चला! तो ९ एकोणसत्तरचा धरा नाहीतर एकोणऐंशीचा, हिशोब बसत नाही. ज्याने पॅडवर आकडे ठोकले त्याने गाडीची तारीख बघून बेतशीर तारीख निवडली होती, फक्त मागे जाऊन बघितलं नाही. त्यालाही हात पुरला नसेल.

मग पॅड पुन्हा बघितला, अल्टरनेटर सोडवून, कॅमेरा बाजूला ठेवून, साध्या डोळ्यांनी. कारखान्यातल्या कापणीच्या बारीक रेघा पुढून मागे सरळ जायला हव्यात. आमचा पॅड गुळगुळीत, त्यावर पुसटशी गोल वळणं. कुणी म्हणेल, मशीन शॉपमध्ये ब्लॉक घासून घेतला असेल. घासला असता तर आकडेही गेले असते ना! स्पार्क प्लगच्या भोकातून आत डोकावलो तर पिस्टनही सपाट. ३०२ चे डोक्यावर चांगले फुगीर असतात. अर्थात पिस्टन बदलता येतात, तो पुरावा दुय्यम.

विकणाऱ्याला ठाऊक होतं की नाही, देव जाणे. आपल्यालाही असंच सांगून विकली होती म्हणाला. पैसे काही परत आले नाहीत.

एक बरं झालं. काउलच्या, म्हणजे समोरच्या काचेखालच्या, जाळीतून कॅमेरा सोडून आतला लपवलेला नंबर वाचला, तो गाडीचाच निघाला. खालून मन्सी नावाच्या गिअरबॉक्सवरचाही जुळला. म्हणजे गाडी खरी, गिअरबॉक्स खरा, इंजिन तेवढं उपरं.

बाकी तक्रारी थोडक्यात. ॲप दर दहा मिनिटांनी वायफाय सोडतं. सोबतचा आरसा लावला की आकडे उलटे दिसतात, मी एकदा अख्खा नंबर उलटाच लिहून घेतला. पाच मीटर वायर कशाला ते कळलं नाही, दोन पुरते. तीन सेंटिमीटरच्या आत सगळं धूसर. डीग्रीझरने डोक्याभोवतीचा गोंद सुटायला लागलाय, मी फेव्हीक्विक लावलं. तरी परत घेईन, पण बाजूला दुसरं भिंग असलेला आणि बारीक डोक्याचा. पाचात साडेतीन.

पुढच्या शनिवारी ओहायोत एक ३०२ चा ब्लॉक बघायला जायचंय, मार्च १९६९ च्या पहिल्या आठवड्यातला आहे म्हणे. मालकाने न मागता पॅडचे चार फोटो धाडले. मी मागच्या कडेचा एकच मागितलाय. तीन दिवस झाले, अजून आलेला नाही.