७५ लिटरच्या खाऱ्या टाकीत कोणते मासे टिकतात

दुकानात दिसतो तो मासा बहुतेक वेळा पिल्लू असतो. ४ सेंमीचा ब्लू टँग बघून भुलू नका, तो वाढून ३० सेंमीपर्यंत जातो. ६० × ३५ × ३६ सेंमीच्या टाकीत कागदावर ७५ लिटर पाणी असतं, पण दगड आणि वाळू घातल्यावर उरतं जेमतेम ६०. एवढ्या जागेत तीन छोटे मासे, फार तर चार. खालची निवड त्याच हिशेबाने केली आहे.

ऑसेलारिस क्लाऊनफिशला पर्याय नाही. टाकीत पैदास झालेलाच घ्या. तो सुकं खाणं लगेच उचलतो, आणि समुद्रातून पकडलेल्या क्लाऊनबरोबर येणाऱ्या ब्रूकलिनेला या रोगाचा धोकाही कमी होतो. दोन घ्यायचे तर एक मोठा, एक लहान, दोघेही कोवळे. मोठ्याची मादी होते, लहान नर राहतो. पूर्ण वाढलेले दोन एकत्र सोडलेत तर एक जण दुसऱ्याला कोपऱ्यात घालून मारतो. सी-ॲनिमोनची (क्लाऊन ज्याच्यात राहतात त्या फुलासारख्या समुद्री प्राण्याची) त्यांना गरज नसते. नव्या छोट्या टाकीत ॲनिमोन मेलं तर सगळं पाणी बिघडतं, मासेही जातात. एक खोड मात्र आहे: जोडी स्थिरावली की काच पुसणाऱ्या हाताला चावते.

पण या आकाराच्या टाकीत खरी मजा आहे ती यलो वॉचमन गोबी आणि पिस्टल श्रिंप (एक कोळंबी) या जोडगोळीत. कोळंबीला नीट दिसत नाही. ती बुलडोझरसारखी वाळू ढकलत बिळाबाहेर येते, तेव्हा तिची एक मिशी गोबीच्या अंगावर टेकलेली असते. धोका दिसला की गोबी शेपटी फडफडवतो आणि दोघंही आत गडप. यासाठी वाळू ५-६ सेंमी हवी आणि तिच्यात पोवळ्याचे बारीक तुकडे मिसळलेले हवेत, नाहीतर बीळ ढासळतं. दगड आधी तळाच्या काचेवर बसवा, वाळू नंतर ओता. वाळूवर ठेवलेल्या दगडाखाली कोळंबी पोखरते, दगड कलंडतो, काचही तडकू शकते.

फायरफिश देखणा आणि शांत, पण भित्रा. दचकला की उडी मारतो, आणि सकाळी जमिनीवर वाळलेला सापडतो. झाकणाला ६ मिमीची जाळी लावा, वायरसाठी ठेवलेली फटही बुजवा. एकच घ्या. दोन अनोळखी फायरफिश एकमेकांना जगू देत नाहीत.

रॉयल ग्रामा, अर्धा जांभळा अर्धा पिवळा, काटक आहे. स्वतःच्या कपारीसमोर कुणी आलं की तोंड वासून धावतो, म्हणून तो सगळ्यांत शेवटी सोडायचा.

हे मात्र नकोच: डोमिनो डॅमसेल (लहानपणी गोंडस, पुढे गुंड), सिक्स-लाइन रास (नव्या माशाला छळतो) आणि मँडरिन. मँडरिनचं रूप बघून बरेच जण फसतात. तो दिवसभर कोपेपॉड, म्हणजे पाण्यातले इवलेसे जीव, टिपत फिरतो. छोट्या टाकीतला साठा तो काही आठवड्यांत संपवतो आणि मग उपाशी मरतो.

घेताना दुकानदाराला समोर खाऊ घालायला सांगा. खात नसेल, पोट खपाटीला गेलं असेल किंवा कल्ले भराभर हलत असतील, तर तो मासा स्वस्तातही महागच. घरी आणल्यावर महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवा. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावरचं तांब्याचं औषध मुख्य टाकीत घालता येत नाही, त्याने कोळंबी आणि पोवळी मरतात.

पहिला मासा टाकी सायकल झाल्यावरच (घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू टाकीत वाढल्यावर), म्हणजे साधारण ४ ते ६ आठवड्यांनी, अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसल्यावर सोडा. आधी भित्रे, मग दांडगे, दोघांत २-३ आठवड्यांचं अंतर. घनता १.०२५, तापमान २५-२६ अंश. छोट्या टाकीत बाष्पीभवनाने खारेपणा झपाट्याने चढतो. उडालेल्या पाण्याच्या जागी रोज गोडं आरओ पाणी घाला. तिथे खारं पाणी ओतलं तर मीठ साठतच जातं, कारण उडतं ते फक्त पाणी.