व्हाइट रिम: एका दिवसात की मुक्काम करून?

युटातल्या कॅनियनलँड्स राष्ट्रीय उद्यानातला हा सुमारे १६० किलोमीटरचा कच्चा फेरा मदतीच्या गाडीशिवाय कसा करावा, असं एका सायकलमित्राने विचारलं.

खरा प्रश्न पाण्याचा. वाटेत पिण्याचं पाणी कुठेच नाही. ग्रीन नदी जवळ येते, पण पाणी इतकं गढूळ की निवळू न देता गाळलं तर फिल्टर तुंबतो. एका दिवसाचं पाणी पाठीवर आणि फ्रेमवर कसंबसं मावतं. मुक्काम म्हटला की ते दुप्पट, वर झोपायचं सामान. एवढं लादून मर्फी हॉगबॅकच्या चढावर सायकल ढकलावीच लागते.

परवाना दोन्हींना लागतो. मुक्काम ठरावीक जागीच, आणि वसंतातल्या जागा फार लवकर भरतात.

एका दिवसात केलं तर शेवटची चढण, फेऱ्याच्या दिशेनुसार शेफरची असो वा मिनरल बॉटमची, थकलेल्या पायांनी आणि बहुधा अंधारात येते. दिवा चांगलाच हवा.

लांब पल्ल्याची सवय असेल तर मेच्या सुरुवातीला, दिवस मोठा असताना, एकाच दिवसात करा. मी तेच निवडेन. दऱ्या निवांत पाहायच्या असतील आणि ओझं सोसत असेल तर मुक्काम. भर उन्हाळ्यात दोन्ही नको.